समुद्राच्या वेळेने

आमच्या सीमाभागातील नद्यांचा एक चमत्कारिक स्वभाव आहे. त्या समुद्राकडे पाठ करून वाहतात. आंबोलीला हिरण्यकेशी उगम पावते, तेथून पश्चिम समुद्र सरळ रेषेत जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. परंतु ती तिकडे ढुंकूनही न पाहता पूर्वेकडे निघते, संकेश्वरावरून जाते, घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेच्या संगतीने हजाराहून अधिक किलोमीटरची पायपीट करून बंगालच्या उपसागराला पोहोचते. निपाणीजवळून वाहणाऱ्या वेदगंगेची तीच गत आणि कणकुंबीच्या मलप्रभेचीही तीच.

आम्हा माणसांनी बहुधा नद्यांचाच गुण घेतला असावा. पोटासाठी आम्ही पुण्या-मुंबईला गेलो, देवासाठी पंढरपूर-तिरुपतीला गेलो. परंतु घाट उतरून समुद्रापाशी निवांत बसावे, हे आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना सुचले नाही. कोकणचा नारळ, आमसूल, सुकी मासळी, आंबा हे सारे घाट चढून आमच्या बाजारात येते. घरातील तरुण पोरे मित्रांबरोबर गोव्याला एक दिवस जाऊन येतात. घरातील वडीलधाऱ्या बायकांना मात्र समुद्र विचारावा तर तो चित्रपटातला.

आमची निपाणीची आत्या अशांपैकीच एक. वयाच्या अठराव्या वर्षी ती तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरात पडली. वखारीत येणारी-जाणारी माणसे, त्यांचे चहापाणी, सासू-सासऱ्यांची आजारपणे, मुलांची शिक्षणे यांत साठ वर्षे गेली. आज ती एक्याऐंशीची आहे. गळ्यात तुळशीची माळ, हातात काठी आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिला समुद्र दाखवावा असे आमच्या मनात फार दिवस होते, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही तो दाखवलाही. निदान आमची तशी समजूत झाली होती. त्या सहलीची हकिकत आधी सांगितली पाहिजे, कारण यंदाचा आमचा सारा बेत त्या फजितीतून जन्मला आहे.

त्या वेळी बेत आखण्याचे काम पुतण्याकडे होते. मोबाइलमधील नकाशावर बोट फिरवून त्याने तीन दिवसांत सोळा ठिकाणे बसवली. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटे लिहिलेली. आम्ही मंडळींनी त्याच्या हुशारीचे कौतुक केले. पहाटे बेळगाव सोडले, चोर्ला घाट उतरलो, गोव्यातील दोन देवळे केली, तेरेखोलची खाडी ओलांडली आणि शिरोड्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. दिवस दत्तजयंतीचा, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेचा. सुरूच्या बनातून बाहेर आलो तो समोर वाळूचे भले मोठे मैदान आणि त्याच्या पलीकडे, दूर, पाण्याची चमकती पट्टी. ओहोटी अगदी तळाला गेली होती.

आत्या काठी टेकत निघाली. कोरड्या वाळूत काठी रुतते, पाऊल रुतते आणि दुखरा गुडघा प्रत्येक पावलाला उपसून काढावा लागतो. चाळीसेक पावले ती चालली आणि सुरूच्या एका आडव्या पडलेल्या खोडावर बसली. ‘तुम्ही या जाऊन,’ ती म्हणाली, ‘मला इथनं दिसतंय.’ मुले धावत गेली. आमची नात परत येताना आपल्या पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून घेऊन आली आणि तिने तो आत्याच्या पावलांवर ओतला. आत्या हसली. म्हणाली, ‘लोक काशीहून गंगा आणतात, तसा तू माझ्यासाठी समुद्र आणलास की गं!’

आम्हीही हसलो. पण रात्री जेवताना, ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरच्या वृद्ध बाईंनी सारी कथा ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘फाल्या दुपारच्या येवा आजयेक घेवन. पाणी आपणाहून पायाकडे येतला.’ आमच्या बेतात दुसऱ्या दिवशी दुपारी मालवण होते. सकाळी साडेसहाला आम्ही शिरोडे सोडले. दुपारी साडेबाराला, समुद्र त्या खोडाच्या दिशेने वर सरकत होता त्याच वेळी, आम्ही मालवणच्या बाजारपेठेत गाडी उभी करायला जागा शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी रात्री आत्याला निपाणीच्या घरी सोडले. शेजारणींनी विचारले, ‘समुद्र बघितला काय?’ आत्याने उत्तर दिले, ‘बघितला की. लांबनं.’ तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण ते ‘लांबनं’ आमच्या मनातून अजून गेलेले नाही. चूक न कळण्याची असती तर गोष्ट वेगळी. त्या बाईंनी आम्हाला वेळेसकट उपाय सांगितला होता आणि आम्ही कागदावरच्या सोळा ठिकाणांसाठी तो नाकारला होता.

त्या बाईंना भरतीची वेळ कशी ठाऊक होती, हे आम्ही नंतर समजून घेतले. कोकणात हा हिशेब पोराटोरांना येतो; घाटावरच्या आम्हा मंडळींना तो कोणी शिकवीत नाही. तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून अष्टमीला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, दोन्ही वेळा पाणी वर असते. आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. हिशेब ढोबळ आहे, ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. परंतु सहलीच्या बेताला एवढी अचूकता पुष्कळ झाली.

यात आणखी एक गोम आहे. भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने होते, हे 1687 साली न्यूटनने आपल्या ग्रंथात मांडले. पौर्णिमा-अमावास्येला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी फार वर चढते, फार खाली जाते. ती उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात ओढतात, त्यामुळे समुद्र बेताने चढतो आणि बेताने उतरतो. याला भांगाची भरती म्हणतात. म्हणजे तरुणांनी विस्तीर्ण ओल्या वाळूवर संध्याकाळी मैलभर चालायचे असेल तर पौर्णिमा गाठावी. आणि ज्यांचे गुडघे थकले आहेत त्यांनी शुद्ध अष्टमी गाठावी. त्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी समुद्र स्वतः वर येतो, फार धसमुसळेपणा न करता येतो, आणि डोक्यावर अर्धा चंद्र असल्याने परतीच्या वाटेवर उजेडही राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही समुद्राच्या सगळ्यांत गैरसोयीच्या तिथीला, सगळ्यांत गैरसोयीच्या वेळी तेथे पोहोचलो होतो.

म्हणून यंदा बेत भिंतीवरच्या कॅलेंडरापासून सुरू केला. महिना माघ ठरला. थंडी ओसरलेली असते, हवेत उकाडा आलेला नसतो, आंब्याला मोहोर असतो. पावसाळ्यात हा प्रवास वृद्धांना घेऊन करू नये; घाटात दरडी कोसळतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीवाहतूक त्या दिवसांत बंदच असते. तिथी ठरल्या षष्ठी ते दशमी. दिवस पाच, रात्री चार. सोळा ठिकाणांची चार झाली. पुतण्याने प्रथम कपाळाला हात लावला, मग स्वतःच कागद घेऊन तिथींचे गुणाकार करू लागला.

षष्ठीला सकाळी बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघायचे. आत्या आदल्या दिवशी बेळगावला येईल. शिनोळीवरून चंदगड तालुक्यातून हा रस्ता आंबोलीला जातो. एकूण अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. आज आपण याला सहलीचा रस्ता म्हणतो, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावला रेल्वे येईपर्यंत हा आमच्या भागाचा व्यापाराचा मार्ग होता. घाटावरचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि तेथून गलबतांत चढे. बेळगावच्या छावणीलाही हे बंदर जवळचे. तेव्हा आपले पूर्वज समुद्राला अगदीच पारखे नव्हते. रेल्वेने आमची तोंडे पुन्हा दुसरीकडे वळवली, इतकेच. आंबोलीत चहा, घाटात सावकाश उतरण, सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी जेवण, चितारआळीत लाकडी फळांची खरेदी. भरती साडेचारला, चारच्या आत वेंगुर्ले गाठायचे. पहिल्या दिवशी यापलीकडे काही नाही.

सप्तमी म्हणजे रथसप्तमी. हा दिवस संपूर्ण वेंगुर्ल्यातच. सकाळी डचांची जुनी वखार पाहायची. सतराव्या शतकातील ही इमारत आता पडीक आहे. परंतु मागच्या खेपेला सोळा ठिकाणांत आत्या रमली ती एवढ्या एकाच ठिकाणी. ‘वखार’ म्हटल्याबरोबर तिने विचारले होते, ‘तंबाखूची काय रे?’ जिचे आयुष्य वखारीच्या दारात गेले, तिने त्या भिंतींची जाडी, मालाच्या खोल्या, वारा यायच्या वाटा अशा काही जाणकारीने न्याहाळल्या की आम्ही थक्क झालो. यंदा तिला तेथे हवा तेवढा वेळ मिळेल. नंतर ज्यांना हौस असेल त्यांनी शिरोड्याला जाऊन यावे. वि. स. खांडेकरांनी 1920 ते 1938 अशी अठरा वर्षे ज्या गावात शिक्षकाचे काम केले ते हे गाव. 1930 साली येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. ‘ययाति’ आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाचली आहे, तेव्हा हौशी मंडळी निघतीलच. मात्र पाचच्या आत सर्वांनी परत यायचे, कारण भरती सव्वापाचला आहे आणि त्या वेळी आत्याची खुर्ची पाण्याच्या काठावर असायची आहे.

या खुर्चीचेही एक शास्त्र आम्ही शिकलो. किनाऱ्यावर शंखशिंपल्यांची, सुक्या शेवाळाची, काडीकचऱ्याची एक वळणदार रेघ असते. मागच्या भरतीचे पाणी जेथवर आले त्याची ती खूण. एकाहून अधिक रेघा दिसल्या तर पाण्याच्या सगळ्यांत जवळची, ओलसर आणि ताजी असेल ती धरावी. भरतीपूर्वी तासभर त्या रेघेच्या हातभर खाली साधी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवावी, वृद्ध माणसाला दोघांनी धरून सावकाश नेऊन बसवावे आणि वाट पाहावी. पाणी येते. एक माणूस मात्र सतत शेजारी हवा. लाटेबरोबर पायाखालची वाळू सरकते आणि खुर्चीचा पाय खचतो.

अष्टमीला वेंगुर्ल्याहून मालवण. नकाशात किनारा सरळ दिसतो, म्हणून अंतर फसवते. कोकणचा किनारा खाड्यांनी तोडलेला आहे: तेरेखोल, कर्ली, कालावल, आचरे, देवगड, वाघोटण. प्रत्येक खाडीपाशी रस्त्याला पुलाच्या शोधात आत वळावे लागते. देवबागच्या टोकावर उभे राहिले की कर्लीच्या मुखापलीकडे भोगवे हाकेच्या अंतरावर दिसते; होडीने काही मिनिटे, गाडीने मोठा वळसा. म्हणून किनाऱ्याच्या प्रवासात किलोमीटर मोजू नयेत, मधल्या खाड्या मोजाव्यात आणि प्रत्येक खाडीला अर्धा तास हातचा ठेवावा. मालवणला पोहोचल्यावर तरुणांनी होडीने सिंधुदुर्गावर जावे. 1664 साली शिवाजी महाराजांनी ज्याची उभारणी सुरू केली तो हा जलदुर्ग. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. हलत्या होडीत चढणे-उतरणे आत्याला झेपणार नाही. मागच्या खेपेला तिला गाडीत बसवून आम्ही गेलो होतो. यंदा ती मुक्कामी आडवी होईल आणि आमच्यापैकी एकजण तिच्यापाशी थांबेल. संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे पुन्हा खुर्ची.

नवमीला आचऱ्यावरून कुणकेश्वर आणि मग देवगडला मुक्काम. कुणकेश्वराचे देऊळ समुद्राला इतके लगटून आहे की देवदर्शन आणि समुद्रदर्शन एकाच ठिकाणी होते. वाळूत पाऊल न घालता लाटा पाहता येतात. मात्र महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते, आणि मालवणजवळ आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी कौल घेऊन ठरते. माघ-फाल्गुनात जाणाऱ्यांनी या दोन्ही तारखा आधी विचाराव्यात. त्या दिवसांत मुक्कामाला खोली मिळणे कठीण.

दशमीला परत. देवगडहून नांदगाव, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी असा जो रस्ता घाट चढून येतो, तो निपाणीलाच पोहोचतो. देवगडचा हापूस ज्या वाटेने वर येतो, त्याच वाटेने आत्या आपल्या दारात उतरेल. हे कळल्यावर ती किती तरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हंजे ह्यो रस्ता आमच्या गावातनंच जातोय, आणि मी साठ वर्षं इथंच बसून?’

विजयदुर्ग, पावस, रत्नागिरी, गणपतीपुळे हे सारे यंदा सोडले. घरात यावरून थोडी धुसफूस झाली. ‘एवढे लांब जातोय तर’ या चार शब्दांनीच सहली बिघडतात, असे आमचे आता मत झाले आहे. सोडलेले ठिकाण कुठे जात नाही. थकलेले माणूस मात्र पुढच्या वर्षी तेवढेच चालेल याची हमी नसते.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. पण वृद्धांच्या सहलीत त्याच मोठ्या असतात. मुक्कामाची खोली तळमजल्यावरची आणि उंच बैठकीच्या शौचकुपाची हवी, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्यावे. बायका संकोचाने दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. वाटेत दर दोन तासांनी थांबावे. रोजची औषधे सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे. काळ्या वाटाण्यांची उसळ, आंबोळ्या, घावणे आणि सोलकढी यांवर आत्या आनंदाने चार दिवस काढील. गाडी वाळूवर नेऊ नये. पोहण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारावे आणि भरती चढत असताना खडकांवर बसू नये; मागची वाट कधी पाण्याखाली जाते ते कळत नाही.

आत्याच्या गुडघ्यांनी या वर्षी फारच उचल खाल्ली आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, लवकर करा म्हणाले. तिने होळीनंतरची तारीख मागून घेतली. ‘आधी समुद्र, मग गुडघे,’ असे तिने त्यांना ठणकावून सांगितले. या वयात शस्त्रक्रियेनंतर काय होईल, हे आम्ही तिच्यासमोर बोलत नाही, आणि ती आमच्यासमोर बोलत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा माघ शुद्ध पक्ष लागलेला असेल. काल निपाणीहून आत्याचा फोन आला. पिशवी भरून झाली आहे. तिने मुलाकडून वेदगंगेचे पाणी एका छोट्या बाटलीत भरून आणवले आहे. ‘तिला तिकडं जायला कधी मिळायचं नाही,’ ती म्हणाली, ‘आपण जातोय तर घेऊन जाऊ या.’

आपल्या घरातही असे कोणी असेल ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही, किंवा पाहिला असेल तर लांबून. कॅलेंडर काढावे, तिथीला पाऊणने गुणावे आणि निघावे. बाकीची ठिकाणे पुढच्या वर्षी.